मिठाच्या वाटेवर मोटारसायकली

सहाराच्या दक्षिण भागात, आज ज्या मुलखाला नायजर म्हणतात तेथे, आगादेझ या मातीच्या शहरापासून पूर्वेकडील बिल्माच्या मरूद्यानापर्यंत मिठाच्या तांड्यांची एक वाट शतकानुशतके चालत आली आहे. विसाव्या शतकात त्याच वाळूवरून ज्या मोटारसायकलींच्या मोहिमा गेल्या, त्यांचा इतिहास लिहिणारे बहुधा यंत्रापासून आरंभ करतात. मला मात्र असे वाटते की या वाटेचा आणि तिच्यावरील रीतिरिवाजांचा परिचय करून घेतल्यावाचून त्या मोहिमांचे मर्म हाती लागत नाही. साडेपाचशे किलोमीटरांहून अधिक लांबीच्या या पल्ल्यात तेनेरेचा तो प्रदेश पडतो, जेथे दिवसचे दिवस चालूनही क्षितिजावर एक टेकडी दिसू नये. तुआरेग लोक दक्षिणेकडील बाजरी उंटांवर लादून बिल्माला नेत आणि तेथील खाणींतले, खजुरीच्या खोडाच्या साच्यांत घालून खांबासारखे घट्ट केलेले मीठ व सुका खजूर घेऊन परत येत. 1906 साली अशा एका तांड्यात वीस हजार उंट होते अशी नोंद आहे. आपल्याकडे कोकणातले मीठ बैलांच्या पाठीवरून घाटावर नेणाऱ्या लमाणांच्या तांड्यांची आठवण ज्यांच्या घराण्यांत अजून शिल्लक असेल, त्यांना या व्यवहाराची कल्पना चटकन येईल.

या तांड्याचा अंमल एकाच पुरुषाच्या हाती असे. त्याला मादुगू म्हणत, आणि रात्री ताऱ्यांवरून व दिवसा वाऱ्याने वाळूवर पाडलेल्या लहरींच्या रोखावरून दिशा धरणे हे त्याचे काम असे. एकदा मजल सुरू झाली की अंधार पडेपर्यंत कोणी थांबायचे नाही, चहासुद्धा चालता चालताच घ्यायचा, कारण बसलेला उंट पुन्हा उठविण्यात वेळ जातो आणि वेळ म्हणजे पखालीतले पाणी. वाटेत एकही गवताचे पाते नसल्यामुळे उंटांचा चाराही उंटांवरच न्यावा लागे, आणि त्यातले काही भारे परतीच्या प्रवासासाठी वाटेतच ठेवून पुढे जात. त्या बेवारस दिसणाऱ्या भाऱ्यांना दुसऱ्या तांड्यातला माणूस हात लावीत नसे. कोणत्याही दप्तरात न नोंदलेला आणि कोणत्याही ठाण्याने न राखलेला हा कायदा होता, पण तो मोडणाऱ्याच्या हातून एखाद्याचा जीव जाणार हे प्रत्येकाला ठाऊक असल्याने त्याची अंमलबजावणी आपोआप होत असे.

त्याच कायद्याच्या आश्रयाने तेनेरेत एक बाभळीच्या जातीचे झाड उभे होते. सभोवार शेकडो किलोमीटरपर्यंत दुसरे झाड नव्हते. त्याची फांदी चुलीसाठी तोडावी असे कोणा मुसाफिराच्या मनात आले नाही आणि त्याची पाने उंटाला खाऊ दिली गेली नाहीत, म्हणून ते टिकले. 1938-39 च्या सुमारास फ्रेंच लष्कराने त्याच्याजवळ विहीर खोदली तेव्हा कळले की त्याची मुळे तीस मीटरांहून अधिक खोल, थेट भूजलापर्यंत उतरली आहेत. हजारो उंटांनी ज्याला वळसा घातला, ते झाड 1973 साली एका ट्रकच्या धडकेने पडले, आणि त्याचा वाळलेला सांगाडा नोव्हेंबर महिन्यात नियामे येथील राष्ट्रीय संग्रहालयात नेऊन ठेवण्यात आला. सहारातील यंत्रयुगाची एकच घटना कोणी मला सांगावयास सांगितली तर मी हीच सांगेन.

चाकांचा प्रवेश त्या प्रदेशात पन्नास वर्षे आधी झाला होता. 17 डिसेंबर 1922 रोजी तुगुर्त येथून निघालेल्या सित्रोएन कंपनीच्या पाच गाड्या, मागच्या चाकांऐवजी रबरी पट्टे बसविलेल्या, 7 जानेवारी 1923 रोजी तिंबक्तूला पोहोचल्या. मोटारीने सहारा ओलांडल्याचा तो पहिला प्रसंग. त्यानंतर फ्रेंच अंमलदारांनी आणि वाहतूक कंपन्यांनी दोन मार्ग आखले. एक पश्चिमेकडील तानेझरूफ्तचा, सपाट आणि सर्वथा निर्जल, ज्यावर दिशेसाठी पत्र्याची पिंपे मांडीत गेले आणि त्यांतल्या पाचव्या पिंपाचे ठिकाण पुढे ‘बिदों सँक’ या नावाने नकाशावर गाव असल्यासारखे दिसू लागले. दुसरा पूर्वेकडील होग्गार पर्वताचा, घार्दाया, एल गोलेआ, इन सालाह, तामानरासेत या ठाण्यांवरून आगादेझकडे उतरणारा, अधिक खडकाळ पण मधूनमधून विहिरी असलेला. पखालीच्या जागी पेट्रोलचे डबे आले आणि चाऱ्याच्या भाऱ्यांच्या जागी कंपनीची पिंपे. निघण्यापूर्वी परवाना घ्यावा, ठाण्यावर वर्दी द्यावी आणि पुढच्या ठाण्यावर ठरल्या वेळी न पोहोचल्यास शोध सुरू व्हावा, हा सरकारी बंदोबस्त म्हणजे तांड्याच्या जुन्या शिरस्त्याचेच कागदावर उतरलेले रूप होते.

या होग्गारच्या वाटेने मोटारसायकलवरून जाण्याचे साहस 1934 च्या हिवाळ्यात दोन इंग्रज तरुणींनी केले, आणि माझ्या मते या विषयाच्या साऱ्या इतिहासात त्यांच्या प्रवासाइतके अभ्यासण्याजोगे दुसरे प्रकरण नाही. थेरेसा वॉलॅक ही लंडनच्या नॉर्दॅम्प्टन पॉलिटेक्निकमध्ये अभियांत्रिकी शिकलेली, तर तिची सोबतीण फ्लॉरेन्स ब्लेंकिरन ही ब्रुकलँड्सच्या शर्यतमार्गावर मोटारसायकलने ताशी शंभर मैलांहून अधिक वेगाने फेरी पूर्ण करणारी पहिली स्त्री. 11 डिसेंबर 1934 रोजी त्या लंडनहून केपटाउनला जाण्यासाठी निघाल्या. वाहन होते यॉर्कशायरमधील फेलन अँड मूर या कारखान्याची 600 सीसीची पँथर. एकच मोठे सिलिंडर चौकटीत तिरके बसविलेले आणि सांगाड्याची पुढची तुळई म्हणून त्या इंजिनचाच उपयोग केलेला, असे हे जड, संथ आणि भरवशाचे यंत्र. त्याच्या बगलेला साइडकार आणि मागे एक ट्रेलर जोडलेला. तंबू, अवजारे, सुटे भाग, पाणी, इंधन, सारे त्या दोघींबरोबर त्या एका सिलिंडरच्या जिवावर निघाले होते.

ट्रेलरसह तीन चाकी गाडी भुसभुशीत वाळूतून नेणे म्हणजे काय, हे समजण्यासाठी थोडे यंत्रशास्त्र ध्यानात घ्यावे लागते. दोन चाकांची गाडी रुतू लागली की स्वार वजन मागे टाकून, पायांवर उभा राहून, पुढचे चाक हलके करून तिला वाळूच्या पृष्ठावर तरंगत ठेवू शकतो. साइडकार जोडल्यावर हे शक्य राहत नाही, कारण बाजूचे चाक आणि ट्रेलरची चाके आपापला वेगळा चर पाडतात आणि मागचे एकटे चाक सगळ्यांचा भार ओढताना स्वतःसाठी खड्डा खणू लागते. तेथे उपाय एकच. उतरायचे, ट्रेलर सोडवायचा, हातांनी वाळू उपसायची, गाडी पुढे न्यायची, परत येऊन ट्रेलर ओढत न्यायचा, आणि पुन्हा जोडायचा. ज्या बाईने ब्रुकलँड्सवर शंभराची मर्यादा ओलांडली होती, तिला येथे तासातासाला वाळू उपसत जावे लागले. मला या प्रवासाचे मोल वाटते ते यासाठी की वेगाची सवय असलेल्या दोन माणसांनी वाळवंटाची गती मुकाट्याने स्वीकारली, आणि म्हणून त्या पार झाल्या.

आगादेझ जवळ आले असता इंजिनने दगा दिला. नवीन भाग जवळच्या बाजारात मिळण्याचा प्रश्नच नव्हता, आणि दोघी बाया गाडी ढकलीत शहर गाठतील अशी अवस्थाही नव्हती. ती गाडी इतरांच्या मदतीने आगादेझला पोहोचली. तेथे, मातीच्या उंच मिनाराच्या त्या गावात, वॉलॅकने इंजिन उघडले, सुटे केले आणि पुन्हा उभे केले. मोहिमांच्या कथांत नायक नेहमी हँडल धरून बसलेला दाखवितात. या कथेतला खरा विजय मला तो दिसतो, जेव्हा एक अभियंता स्त्री परक्या गावात जमिनीवर कापड पसरून त्यावर इंजिनचे भाग क्रमाने मांडते आणि धुळीचा कणही आत न जाऊ देण्याच्या काळजीने ते जुळवीत जाते. पुढे कानो, विषुववृत्तावरची अरण्ये, काँगो, केनिया, टांगानिका, ऱ्होडेशिया असा मार्ग आक्रमीत 29 जुलै 1935 रोजी त्या केपटाउनला पोहोचल्या. वॉलॅकने लिहिलेला या प्रवासाचा वृत्तांत तिच्या मृत्यूनंतर, 2001 साली, प्रसिद्ध झाला, यावरून जगाला या गोष्टीची किंमत किती उशिरा कळली ते दिसते.

मुंबईच्या वाचकाने येथे अकरा वर्षे आधीची आपल्या शहराची मोहीम आठवावी. 15 ऑक्टोबर 1923 रोजी सहा पारशी तरुण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. बलुचिस्तान, इराण, मग बगदादहून हलब (अलेप्पो) शहराकडे जाणारे वाळवंट, असा त्यांचा मार्ग होता, आणि 18 मार्च 1928 रोजी मुंबईला परतले ते त्यांतले तिघे, आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा. त्यांच्याजवळ इंजिन नव्हते एवढाच फरक, बाकी पाणी, दिशा आणि एकमेकांची सोबत यांचा हिशेब तोच होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारसायकली अधिक टिकाऊ झाल्या आणि जथे करून आफ्रिका ओलांडण्याची प्रथा युरोपातील तरुणांत रुजली. पण त्याच सुमारास एकेका वसाहतीचे स्वतंत्र राष्ट्र होत गेल्यामुळे, जेथे पूर्वी एकच फ्रेंच अंमल होता तेथे सरहद्दी, जकातनाकी आणि शिक्के आले. नायजर 1960 साली आणि अल्जीरिया 1962 साली स्वतंत्र झाले. ही अडचण होती असे जे प्रवासवर्णनकार लिहितात त्यांच्याशी मी सहमत नाही. ज्यांच्या मुलखातून जायचे त्यांची परवानगी मागणे हा तांड्याचाही जुना रिवाज होता, आणि तुआरेग सरदारांना वाटेची पट्टी न देता कोणी काफिला जात नसे. आजही मोटारसायकल घेऊन देशोदेशी जाणाऱ्याला अनेक ठिकाणी ‘कार्ने’ नावाचे जामीनपत्र लागते, ज्यात वाहन त्या देशात विकून टाकणार नाही अशी हमी असते. मुंबईकर स्वार ते वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडून मिळवितो, आणि प्रत्येक नाक्यावर त्याच्या पानाचा एकेक तुकडा फाडून घेतला जातो.

या काळात वाळवंटातील समूहप्रवासाचे काही नियम स्वारांनी स्वतःच बसविले, आणि ते पाहिले की मादुगूची आठवण होते. वाट दाखविणारा पुढे असतो व सर्वांत कसबी स्वार अवजारांसह सगळ्यांच्या मागे. पुढच्याची धूळ ज्या बाजूला वाहते तिच्या उलट बाजूने मागच्याने राहायचे, पण त्याला नजरेआड होऊ द्यायचे नाही. वळणावर पुढचा मागचा दिसेपर्यंत थांबतो. चाकातील हवा कमी करून रबर पसरट करायचे, आणि पिठासारख्या ज्या बारीक धुळीला तेथे ‘फेश-फेश’ म्हणतात ती लागली की वेग न सोडता सरळ काढायचे. भर दुपारी टेकाडांवर चढायचे नाही, कारण सूर्य डोक्यावर असताना सावली पडत नाही, वाळूची धार आणि तिच्यापलीकडचा कडा एकाच रंगाचे दिसतात, आणि अनेक स्वार आपण सपाटीवर आहोत अशा समजुतीत त्या धारेवरून खाली गेले आहेत.

हे सारे नियम ज्या एका घटनेने उलटेपालटे झाले ती 1977 सालची. थिएरी साबीन हा फ्रेंच तरुण आबिजान ते नीस या शर्यतीत यामाहा एक्सटी 500 घेऊन उतरला असता लिबियाच्या सरहद्दीजवळील तेनेरेच्या भागात वाट चुकला, आणि मरणाच्या दारात असताना शर्यतीचा संयोजक ज्याँ-क्लोद बेर्त्राँ याच्या विमानाला सापडला. अशा प्रसंगानंतर मनुष्य बहुधा वाळवंटाचे नाव टाकतो. साबीन परतला तो एवढ्या मोठ्या मोहिमेचा बेत घेऊन की 26 डिसेंबर 1978 रोजी पॅरिसमधील त्रोकादेरोच्या चौकातून 182 वाहने डाकारकडे निघाली. त्यांत सुमारे निम्म्या मोटारसायकली होत्या. अल्जीरिया, नायजर, माली, सेनेगल असा दहा हजार किलोमीटरांचा तो मार्ग पुरा करून 74 वाहने डाकारला पोहोचली, आणि त्या पहिल्या वर्षी मोटारी व मोटारसायकली यांचे गुणांकन एकत्रच असल्याने सिरील नव्हो हा एक्सटी 500 वरील तरुण सर्वांत पहिला ठरला. एका सिलिंडरच्या साध्या गाडीने मोटारींना मागे टाकले, यात मला नवल वाटत नाही, कारण सहाराने हलक्या यंत्राला नेहमीच अधिक वाव दिला आहे.

पहिल्या काही वर्षांतली ती शर्यत खऱ्या अर्थाने तांडाच होती. हौशी माणसे, स्वतः दुरुस्ती करणारी, रात्री एकाच शेकोटीभोवती बसणारी, दुसऱ्याची ट्यूब चिकटविण्यासाठी स्वतःचा क्रमांक गमावणारी. मार्ग दाखविण्यासाठी कागदाची एक लांब गुंडाळी हँडलवरच्या पेटीत बसविलेली असे, आणि स्वार ती बोटाने पुढे सरकवीत अंतर व अंश वाचीत जाई. पण त्या पहिल्याच वर्षी, 7 जानेवारी 1979 रोजी, आगादेझजवळ पात्रिस दोदँ हा मोटारसायकलस्वार पडून मरण पावला. टप्पा सुरू होण्यापूर्वी, शिरस्त्राणाचा पट्टा चालत्या गाडीवर बांधताना त्याचा तोल गेला. ज्या वाटेवर चहा चालता चालता घेण्याची रीत होती, त्याच वाटेवर घाईने हा बळी घेतला. उंटाच्या चालीवर जे साधते ते इंजिनच्या चालीवर साधत नाही.

पुढे कारखान्यांचे पैसे आले, हेलिकॉप्टरे आली, दूरदर्शनचे कॅमेरे आले. यामाहाने 1983 साली सुमारे तीस लिटरची टाकी असलेली गाडी ‘तेनेरे’ या नावाने बाजारात आणली, म्हणजे ते झाड पडल्याला जेमतेम दहा वर्षे झाली होती. 1982 साली ब्रिटिश पंतप्रधानांचे चिरंजीव मार्क थॅचर या शर्यतीत उतरले असता अल्जीरियाच्या वाळवंटात सहा दिवस बेपत्ता झाले आणि अल्जीरियाच्या लष्करी विमानाने त्यांना शोधून काढले. शोध घेण्याचा जुना धर्म त्या देशाने पाळला, यात शंका नाही. परंतु वाटेवरच्या खेड्यांशी शर्यतीने तो धर्म पाळला का, हा प्रश्न मला सोडवत नाही. तांडा गावात आला की बाजार भरत असे. शर्यत गावातून जात असे ती मिनिटभरात, आणि रस्त्यावर येणारे मूल हे तिच्या लेखी मार्गातील एक धोका होते. 1988 च्या शर्यतीत चाकांखाली येऊन मेलेल्यांत मालीतील एक लहान मुलगी होती, आणि त्या वर्षापासून युरोपातच या शर्यतीविरुद्ध आवाज मोठा झाला. तो आवाज न्याय्य होता.

साबीनचा स्वतःचा अंतही वाळूनेच केला. 14 जानेवारी 1986 रोजी संध्याकाळी मालीत धुळीच्या वादळात त्याचे हेलिकॉप्टर कोसळले आणि आतील पाचही जण गेले. त्यांत दानिएल बालाव्वान हा विख्यात फ्रेंच गायक होता, आणि तो तेथे आला होता आफ्रिकेतील खेड्यांना पाण्याचे पंप पोहोचविण्याच्या कामासाठी. त्या एका हेलिकॉप्टरमध्ये शर्यत आणि विहीर दोन्ही बसली होती. साबीनची रक्षा तेनेरेत एका एकाकी झाडापाशी विखुरण्यात आली, आणि ते झाड आता त्याच्या नावाने ओळखले जाते.

1992 साली शर्यत पॅरिसहून केपटाउनला गेली, म्हणजे वॉलॅक आणि ब्लेंकिरनच्याच मुक्कामाला. 2000 साली नायजरमधील हल्ल्याच्या धोक्यामुळे सारी वाहने नियामेहून प्रचंड मालवाहू विमानांत घालून लिबियात उतरविण्यात आली. डिसेंबर 2007 मध्ये मॉरिटेनियात चार फ्रेंच प्रवाशांची हत्या झाल्यावर 2008 ची शर्यत निघण्याच्या आदल्या दिवशी रद्द झाली, आणि 2009 पासून ती दक्षिण अमेरिकेत व 2020 पासून सौदी अरबस्तानात भरते. नाव डाकारचेच राहिले. भारतीय स्वारांचा तिच्याशी खरा संबंध आला तो या आफ्रिकेबाहेरच्या पर्वात. सी. एस. संतोष हा 2015 साली ती पूर्ण करणारा पहिला भारतीय, आणि 2024 साली हरित नोआने तिच्या रॅली 2 या वर्गात पहिला क्रमांक मिळविला. त्या दोघांच्या कर्तृत्वाबद्दल मला अभिमान आहे, जरी सहाराची वाळू त्यांच्या वाट्याला आली नाही.

सहाराच्या वाटेवर मात्र मोटारसायकली थांबल्या नाहीत. अल्जीअर्सपासून लागोसपर्यंतचा महामार्ग आता बहुतेक डांबरी झाला आहे, आणि त्याच्या दक्षिण टोकाकडील नायजेरिया व नायजर या देशांत जी मोटारसायकल आज घरोघरी दिसते ती कोणा मोहिमेची नाही. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज येथील बजाजच्या कारखान्यातून ‘बॉक्सर’ नावाची साधी गाडी आफ्रिकेत जाते, आणि नायजेरिया ही तिची फार मोठी बाजारपेठ आहे. भाड्याने माणसे नेणाऱ्या मोटारसायकलीला हौसा भाषेत ‘अचाबा’ म्हणतात. तिच्यावरून धान्याचे पोते जाते, पाण्याचे डबे जातात, बाळंतीण दवाखान्यात जाते. 1935 साली ज्या प्रदेशात एका इंजिनसाठी एक भागही मिळण्याची आशा नव्हती, त्याच प्रदेशाच्या बाजारात आज रस्त्याकडेच्या दुकानात बॉक्सरचा पिस्टन मिळतो, आणि तो तेथल्या तेथे बसवून देणारा कारागीर हौसा बोलणारा, त्याच गावचा असतो.